पंचवीस मिनिटांत चार भुतं : रिचर्ड विल्यम्सचा 'अ ख्रिसमस कॅरल', १९७१

तिसरी घंटा

डिसेंबर संपत आला की आमच्या घरी एक वाद ठरलेला. चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल' मधल्या स्क्रूजची, म्हणजे नाताळच्या रात्री भुतं येऊन ज्याला घाबरवून सुधारतात त्या कंजूष म्हाताऱ्याची गोष्ट बघायची यावर एकमत, पण तिच्यावरचा कुठला चित्रपट बघायचा यावर तीन माणसांची चार मतं. मुलीला १९८३ चा डिस्नेचा मिकी माउसवाला हवा असतो. बायकोला २००९ चा, झेमेकिसने जिम कॅरीला घेऊन केलेला. मी दरवर्षी हरतो आणि सगळे झोपल्यावर एकटाच माझा लावतो. मला वाटतं तो एकट्यानेच बघायचा आहे.

माझा म्हणजे रिचर्ड विल्यम्सचा अ‍ॅनिमेशनपट. २१ डिसेंबर १९७१ ला अमेरिकेत एबीसी वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला. लांबी जेमतेम पंचवीस मिनिटं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी एकच प्रसंग सांगतो.

स्क्रूजचा मेलेला भागीदार मार्ली साखळदंड ओढत जिना चढून येतो. साखळीला किल्ल्या, कुलुपं, गल्ल्याच्या पेट्या, हिशेबाच्या वह्या. मेलेल्या माणसाचा जबडा उघडा पडू नये म्हणून डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधतात ना, तसं बांधलेलं. तो ते फडकं सोडतो आणि जबडा धप्पकन खाली येतो. पुस्तकातही हे असंच आहे. बाकीच्या चित्रपटांत एकतर हे गाळतात किंवा त्यावर विनोद करतात. विल्यम्सचा मार्ली पुढे बोलत राहतो, पण तोंड हलत नाही. काळं भोक तसंच उघडं आणि आवाज येतोय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी उठून दिवा लावला होता.

डिकन्सने पुस्तकाच्या मुखपृष्ठामागच्या पानावर चक्क लिहून ठेवलंय की ही नाताळची भुताची गोष्ट आहे. नंतर या गोष्टीवर साखरेचे इतके थर चढले की भुतं म्हणजे स्क्रूजला गावभर फिरवून आणणारे मार्गदर्शक झाले. विल्यम्सने तो पाक खरवडून काढला. माझ्या मते म्हणूनच शेवटी म्हातारा खिडकी उघडून ओरडतो ते पटतं. जो घाबरलाच नाही तो सुटला तरी त्याचं काय?

चित्रं जुन्या कोरीव छापचित्रांसारखी आहेत. १८४३ च्या पहिल्या आवृत्तीत जॉन लीचची चित्रं होती, तीच हालायला लागल्यासारखी वाटतात. स्क्रूजचा आवाज अ‍ॅलिस्टर सिमचा आणि मार्लीचा मायकेल हॉर्डर्नचा. हे दोघे १९५१ च्या इंग्रजी चित्रपटात याच भूमिका करून चुकले होते. वीस वर्षांनी म्हातारा खरंच म्हातारा झालेला ऐकू येतो. निवेदन मायकेल रेडग्रेव्हचं.

कोणी पाहिलाय का? की मीच एकटा वेडा?

आडवाटेचा पांथस्थ

वेडे आहातच, पण एकटे नाही. पाहिलाय आणि (अंडी फेकू नका) मला मिकीवालाच आवडतो.

आमच्या पिढीचा स्क्रूज म्हणजे दूरदर्शनवर रविवारी हिंदीत बोलणारं, नाण्यांच्या ढिगात सूर मारणारं बदक. त्याचं नाव डिकन्सच्या म्हाताऱ्यावरून घेतलंय हे कॉलेजात कळलं. डिस्नेच्या चित्रकथा काढणाऱ्या कार्ल बार्क्सने १९४७ मध्ये ते बदक जन्माला घातलं, तेही एका नाताळच्याच गोष्टीत. मग १९८३ मध्ये डिस्नेने त्याच बदकाला मूळ स्क्रूजची भूमिका दिली. ज्याच्यावरून बारसं झालं त्याचंच सोंग घ्यायचं, हा प्रकार मला फार आवडतो.

तुमच्या चित्रपटाबद्दल तक्रार एकच : घाई. स्क्रूजच्या तरुणपणच्या मालकाचा, फेझिविगचा नाच आला म्हणेपर्यंत गेला. स्क्रूजची वाग्दत्त वधू बेल त्याला सोडून जाते, तिला धड अर्धं मिनिट नाही. म्हातारा का आटला हे कळायच्या आत आपण पुढच्या भुताकडे. भीती वाटली, कबूल. वाईट वाटायला वेळच मिळाला नाही.

चौकट_चोवीस

पोटापाण्यासाठी अ‍ॅनिमेशनच करतो, त्यामुळे राहवत नाही. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

धागाकर्त्यांनी 'कोरीव छापचित्रांसारखी' म्हणून एका वाक्यात उरकलं. त्या एका वाक्यात किती जणांची कंबर मोडली असेल ते सांगतो. साधी कार्टून आकृती म्हणजे बाहेरची एक रेघ आणि आत सपाट रंग. ती हलवणं सोपं, कारण रेघा कमी. छापचित्रात सावली रंगाने येत नाही, बारीक आडव्याउभ्या रेघांच्या जाळीने येते. आता हा गालावरच्या जाळीचा माणूस मान वळवतो. प्रत्येक चित्रात ती जाळी पुन्हा काढायची, आणि आधीच्या चित्रातल्या जाळीशी ती जुळली पाहिजे. नाही जुळली तर गालावर मुंग्या फिरतायत असं दिसतं. सेकंदाला २४ चौकटी, पंचवीस मिनिटं, म्हणजे ३६,००० चौकटी. एक चित्र दोन चौकटी वापरायची काटकसर सगळीकडे केली असती तरी १८,००० चित्रं. हे सगळं हाताने.

विल्यम्सला हे काम मिळालं त्यामागे त्याचं आधीचं काम आहे. १९६८ च्या 'चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' या चित्रपटात त्याने मधले अ‍ॅनिमेशनचे तुकडे केले होते, 'पंच' मासिकातल्या जुन्या व्यंगचित्रांच्या धाटणीत. चक जोन्स त्यावर खूश झाला आणि या चित्रपटाचा कार्यकारी निर्माता झाला. होय, बग्ज बनीवाला चक जोन्स. आणि स्क्रूजची आकृती हलवणारा मुख्य हात होता केन हॅरिसचा. जोन्सच्या रोडरनरपटांतला तो कोल्ह्यासारखा कायोटी वर्षानुवर्षं कड्यावरून पडला, त्याला पाडणाऱ्यांपैकी हा एक. जन्म १८९८ चा, म्हणजे तेव्हा सत्तरी ओलांडलेला. स्क्रूज थंडीत खांदे आवळून चालतो ते नीट बघा. हसवण्यासाठी चाळीस वर्षं शिकलेलं वजनाचं भान इथे एका म्हाताऱ्याच्या कुढण्यात उतरलंय.

माझं सगळ्यात आवडतं भूत पहिलं, भूतकाळाचं. डिकन्सने त्याचं जे वर्णन केलंय ते वाचून कुठलाही चित्रकार कपाळाला हात लावेल. लहान मूल आहे, पण म्हाताऱ्यासारखंही आहे. घडीत एक हात, घडीत एकच पाय, मग वीस पाय, मग नुसतंच डोकं. जिवंत नटाला हे कसं जमणार? म्हणून बाकीचे एखादी गोड मुलगी किंवा मेणबत्तीसारखा माणूस उभा करून मोकळे होतात. विल्यम्सने पुस्तकातलं शब्दशः केलं : आकृतीवर आकृत्या चढवल्या, चेहरा तरुण-म्हातारा असा लुकलुकत राहतो, कडा स्थिर म्हणून होत नाहीत. आवाज डायना क्विकचा. आठवणीचं चित्र काढायचं तर असंच निघेल.

पांथस्थ, घाईबद्दल तुमचं खरं आहे. पण सरकत्या कॅमेऱ्याने आणि एकातून दुसरं विरघळणाऱ्या दृश्यांनी ती घाई स्वप्नातल्या घाईसारखी होते. स्वप्नात कोण पूर्ण नाच बघतं?

आडवाटेचा पांथस्थ

@चौकट_चोवीस, दंडवत घ्या. मुंग्यांचं वाचून आज पुन्हा लावतो. बेलसाठीचं अर्धं मिनिट मात्र मी सोडणार नाही.

सडेतोड

आपले सण संपले वाटतं चर्चेला?

तिसरी घंटा

@सडेतोड, नरक चतुर्दशीला पहाटे चारला उठून काढलेला धागा आहे माझा, तिथे आपला प्रतिसाद दिसला नाही. या की.

वसईकरीण

नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि आमच्याकडे सणही चांगली चारशेच्या वर वर्षं आहे, तेव्हा 'आपले' मध्ये आम्हालाही धरा. असो.

मला भुतांपेक्षा क्रॅचिटांचं, म्हणजे स्क्रूजच्या गरीब कारकुनाच्या घरचं नाताळचं जेवण जवळचं. पुस्तकात एक बारीकशी गोष्ट आहे. घरात हंस शिजवायची सोय नसते, म्हणून तो बेकरीवाल्याच्या भट्टीत भाजायला दिलेला असतो आणि पोरं जाऊन घेऊन येतात. दुकानाबाहेर उभं राहून त्यांना आपल्याच हंसाचा वास येतो. हे वाचलं आणि आजीबरोबर नानकटाईचे ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीत जायचे ते दिवस आठवले. रांगेत पन्नास घरांचे ट्रे, ओळखू यावेत म्हणून प्रत्येकावर चिठ्ठी, आणि तरी कोणाची तरी अदलाबदल व्हायचीच. भट्टी दुसऱ्याची पण वास आपल्या घरचा, हे ज्याने अनुभवलंय त्याला तो परिच्छेद वेगळा समजवावा लागत नाही. पुडिंग तर कपडे उकळायच्या हंड्यात शिजतं, त्यामुळे झाकण उघडल्यावर धुण्याच्या दिवसाचा वास येतो!

या चित्रपटात एक तुकडा आहे जो दुसरीकडे जवळजवळ कधीच दिसत नाही. दुसरं भूत स्क्रूजला लंडनबाहेर घेऊन जातं. माळरानावर खाणकामगारांची झोपडी, मग समुद्रातल्या खडकावरचा दीपस्तंभ आणि त्यातले दोन रखवालदार, मग वादळातलं जहाज. सगळे नाताळचं गाणं गुणगुणताहेत. गोष्टीच्या दृष्टीने काही घडत नाही. पण मध्यरात्रीच्या मिस्साला जाताना दूरच्या दुसऱ्या गावच्या चर्चची घंटा ऐकू यायची, तेव्हा जे वाटायचं तेच तिथे वाटतं. पंचवीस मिनिटांत बेलला कात्री लावून हा तुकडा ठेवला, यासाठी मी विल्यम्सच्या बाजूने.

टेम्सकाठी

त्या खाणींना आधार आहे. डिकन्स १८४२ मध्ये मित्रांबरोबर कॉर्नवॉलला गेला होता, तिथे कथिलाच्या खाणी पाहिल्या. पुढच्या वर्षी बालमजुरीवरचा सरकारी अहवाल त्याच्या हातात पडला. खाणी-कारखान्यांत सात-आठ वर्षांची पोरं कशी राबतात याची साक्ष त्यात होती. आधी तो यावर एक पत्रक काढणार होता. मग बेत बदलला आणि एका पत्रात कळवलं की आता असा घाव घालतो की ज्याचा जोर वीस हजार पटींनी जास्त असेल. तो घाव म्हणजे ही गोष्ट. साधारण सहा आठवड्यांत लिहून झाली. रात्री शहाणी माणसं झोपल्यावर पंधरा-वीस मैल लंडनच्या अंधाऱ्या रस्त्यांतून चालायचा आणि डोक्यात गोष्ट जुळवायचा. मी त्या रस्त्यांवरून रोज बसने जातो आणि घरी येऊन धागे वाचतो, काय करणार.

इथे येणारे पाहुणे डाउटी स्ट्रीटवरचं डिकन्सचं संग्रहालय बघतात आणि 'इथेच कॅरल लिहिलं' म्हणून फोटो काढतात. तिथे नाही हो. तोवर तो रीजंट्स पार्कजवळ डेव्हनशायर टेरेसला राहायला गेला होता आणि ते घर पाडून टाकलंय. हस्तलिखित न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. विल्यम्सचा स्टुडिओ मात्र इथलाच, सोहो स्क्वेअरचा.

खडूस आजोबा

भट्टी, घंटा, हंस, सगळं ठीक. मला या गोष्टीचा राग येतो तो वेगळ्या कारणाने.

बॉब क्रॅचिटचा पगार आठवड्याला पंधरा शिलिंग. पहिल्या आवृत्तीची किंमत पाच शिलिंग. म्हणजे गरीब कारकुनाची गोष्ट त्याच कारकुनाने विकत घ्यायची म्हटली तर आठवड्याचा एक तृतीयांश पगार गेला! ६,००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या म्हणतात. घेतल्या कोणी? स्क्रूजच्या पुतण्यांनी, म्हणजे खात्यापित्या घरच्यांनी. त्यांनी डोळे पुसले, टर्की कापली आणि कारकुनाला सव्वीस तारखेला वेळेवर बोलावलं.

१८३४ चा गरिबांचा कायदा, त्यातली श्रमगृहं, नवरा-बायको-पोरांना वेगळं ठेवणं, हे सगळं एका म्हाताऱ्याचं मन पाघळल्याने सुटत नाही. स्क्रूज सुधारला नसता तर बॉबचा आजारी मुलगा टायनी टिम मेला असता. शेजारच्या गल्लीतल्या टिमचं काय, ज्याच्या बापाच्या मालकाकडे कुठलंच भूत गेलं नाही?

टेम्सकाठी

आजोबा, हिशेब बरोबर आहे, पण डिकन्सला त्यातून फार काही सुटलं नाही. सोनेरी कडा, हाताने रंगवलेली चित्रं असा थाट केल्यामुळे त्याला हजार पौंडांची आशा होती आणि पहिल्या छपाईतून हाती आले जेमतेम २३०. महिन्याभरात कोणीतरी चोरटी आवृत्ती काढली. हा कोर्टात गेला, जिंकला, समोरच्यांनी दिवाळं काढलं आणि खर्चाचे ७०० पौंड याच्याच बोडक्यावर बसले.

आणि पुतण्यांसाठी लिहिलं म्हणाल तर, बारा वर्षांचा असताना बाप कर्जापायी मार्शलसी तुरुंगात आणि हा बुटाच्या पॉलिशच्या डब्यांना कागद चिकटवतोय, आठवड्याला सहा शिलिंगांवर. शेजारच्या गल्लीतला टिम तो स्वतःच होता.

खडूस आजोबा

@टेम्सकाठी, हे माहीत होतं, विसरलो होतो. राग अर्धा मागे घेतो. अर्धा ठेवतो.

बोरूबहाद्दर

आजोबांच्या अर्ध्या रागाचं उत्तर चित्रपटातच आहे. दुसरं भूत जाता जाता अंगरखा उघडतं आणि त्याच्या पायाशी दोन पोरं निघतात. हाडांची काडं, डोळे खोल गेलेले, नखं वाढलेली. त्यांची नावं अज्ञान आणि... दुसऱ्याचं, 'वॉन्ट' चं, मराठीत काय करायचं? इथेच मी तीन दिवस अडकलोय. घरातल्या मुलांना वाचून दाखवायला गोष्ट मराठीत करतोय. 'वॉन्ट' ला दारिद्र्य म्हटलं की नागरिकशास्त्राचं पुस्तक होतं. गरज म्हणावं तर फारच सौम्य. अभाव म्हणजे तत्त्वज्ञान.

आणि दुसरी अडचण ते 'हंबग', नाताळचं नाव काढलं की स्क्रूजच्या तोंडी येणारं. थोतांड बरोबर आहे अर्थाने, पण स्क्रूज ते तोंडातून थुंकतो, थोतांड थुंकता येत नाही. तीन अक्षरं संपेपर्यंत थुंकी घशात जाते.

माडाखालचा

ददात. अज्ञान आणि ददात. आमची आजी म्हणायची, "घरात कशाची ददात नाही हो." हा शब्द नेहमी नकारातच ऐकलाय, त्यामुळे ते पोर अंगरख्याखालून बाहेर आलं की जास्त दचकायला होईल.

हंबगला माझ्याकडे फक्त 'ह्यॅः' आहे. किंवा 'थेरं!' शेवटच्या अक्षरावर थुंकून बघा.

अवांतर : मार्ली म्हणजे आमच्याकडचा समंध हो. पैशात जीव अडकलेला, मेल्यावरही वाड्यात पावलं वाजवणारा. फरक एवढाच की आमचा समंध दुसऱ्याला धनाजवळ फिरकू देत नाही, आणि यांचा मुद्दाम येऊन सांगतो की बाबा, तू धनाच्या नादी लागू नको. पावसाळ्यात वीज गेली की आमच्याकडे भुताच्या गजाली रंगतात. त्यांच्याकडे हिवाळ्यात चारला अंधार पडतो, तेव्हा नाताळच्या आसपास शेकोटीभोवती भुतं निघणारच.

बोरूबहाद्दर

ददात!! तीन दिवस झोप नव्हती. 'थेरं' सुद्धा घेतो, फुकट. डिकन्सने प्रकरणांना गाण्यासारखी नावं दिली आहेत, त्यांना मी पाच कडवी म्हणतोय. पहिलं कडवं झालं की इथे टाकतो.

चौकट_चोवीस

ऑस्करचा किस्सा राहिलाच. टीव्हीवर दाखवून झाल्यावर हा चित्रपट थिएटरांतही लावला, त्यामुळे तो स्पर्धेत बसला आणि १९७३ च्या समारंभात सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशन लघुपटाचं ऑस्कर घेऊन गेला. टीव्हीच्या चित्रपटाला ऑस्कर कसं, म्हणून धंद्यातले लोक चिडले. मग अकादमीने नियमच बदलला : आधी टीव्हीवर दाखवलेलं चालणार नाही. दार उघडं दिसलं म्हणून आत शिरला आणि मागे कडी लागली.

विल्यम्सला पुढे 'रॉजर रॅबिट' साठी आणखी दोन मिळाली. पण ज्या चित्रपटासाठी त्याने जवळजवळ तीन दशकं घालवली, तो 'द थीफ अँड द कॉब्लर', १९९२ मध्ये त्याच्या हातातून काढून घेतला आणि दुसऱ्यांनी कसाबसा शिवून टाकला. कॅरल वेळेत दिलं, कारण नाताळ पुढे ढकलता येत नाही. त्याला कायम कोणीतरी अशीच तारीख द्यायला हवी होती, असं आम्ही लोक चहावर बोलतो. त्याचं अ‍ॅनिमेशन शिकवणारं जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर आहे. चालण्याच्या प्रकरणाची पानं सुटली आहेत.

मिरची भजी

उशिरा आले. सगळं वाचून काढलं, वाचनखूण साठवली. एक व्यावहारिक शंका : लेक सहा वर्षांचा आहे. दाखवू का?

वसईकरीण

नको गं.

तिसरी घंटा

सहा लहान आहे ताई. अंगरख्याखालची पोरं आणि शेवटचं काळं भूत, दोन्ही जड जातील. दहा-अकराला दाखवा, तेही शेजारी बसून.

आडवाटेचा पांथस्थ

मिकीवाला दाखवा. मी कधीचा सांगतोय.

मिरची भजी

उत्तरं येईपर्यंत धीर निघाला नाही, काल लावलाच. अहवाल देते.

मार्लीचा जबडा पडला तेव्हा मी डोळे मिटले. चिरंजीवांनी विचारलं, "तोंड न हलवता तो एवढं कसं बोलतो?" मला उत्तर देता आलं नाही. बेलच्या वेळी पाणी प्यायला उठला, त्यामुळे पांथस्थांचं अर्धं मिनिटही हुकलं. दीपस्तंभ आवडला. ददात आली तेव्हा माझा हात धरला, पण डोळे झाकले नाहीत. शेवटी टर्की केवढी मोठी यावर समाधानी होऊन झोपला.

आज सकाळी उठून बघते तर आजोबांचा मफलर डोक्यावरून हनुवटीखाली बांधलेला, कमरेला सायकलची कुलपाची साखळी, साखळीला माझ्या किल्ल्यांचा जुडगा, डबा आणि कंपासपेटी, आणि हॉलभर खडखडत फेऱ्या चालू. तोंड न हलवता बोलायचा सराव करतोय. खालच्या काकू दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्यांदा त्याने दार उघडलं, मफलर सोडला आणि जबडा पाडला. काकूंनी तोंडातल्या तोंडात जे म्हटलं ते 'थेरं' असावं, बोरूबहाद्दरांना कळवा.